मैनाबाईच्या हाताचं विरजण

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतली एक जुनी काचेची ताटली आहे. पुस्तकात मला पेट्री डिश म्हणतात. पण अमरावतीच्या आमच्या कॉलेजात भांडी घासणारी मैनाबाई मला ताटलीच म्हणते, आणि मला तेच नाव आवडतं.

आम्ही बारा जणी भुशाच्या खोक्यातून आलो, अख्खा तळहात मावेल एवढ्या मोठ्या. आमच्यात अगार नावाचा गरम रस ओततात. तो थंड होऊन घट्ट बसला की त्यावर जंतू वाढवतात. काम झालं की वाफेच्या मोठ्या भांड्यात शिजून आम्ही पुन्हा लख्ख. त्या भांड्याला मैनाबाई कुकर म्हणते. पुढे प्लास्टिकच्या ताटल्या आल्या. एकदा वापरल्या की संपल्या, पण तोरा केवढा! त्यांचं फावलं आणि आम्ही खालच्या कप्प्यात गेलो. अकरा बहिणी एकेक करून फुटल्या. माझीही कड उडाली आहे. पाच वर्षं मला कोणी विचारलं नाही, तरी मैनाबाई दर शनिवारी माझ्यावरची धूळ पुसायची.

यंदा गॅदरिंगला आमच्या जैवतंत्रज्ञान विभागानं जिवंत चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. रंगांऐवजी जंतू, कागदाऐवजी अगार. एम.एस्सी.च्या पायलला मोठी ताटली हवी होती, म्हणून तिनं मला बाहेर काढलं. भातकुलीची ही पोर भारी हुशार, पण तितकीच घाईची. मैनाबाई नुकताच झाडू ठेवून उभी होती. पायल म्हणाली, "मावशी, तुमचा हात कल्चरले पायजे. देता का?"

गॅदरिंगचे दिवस, जिकडेतिकडे कल्चरल कार्यक्रमांची धांदल. मैनाबाईला वाटलं, हातावर मेंदीबिंदी काढायची असेल.

"घे न. थांब, धुवून येऊ दे."

"धुवू नका मावशी, असाच पायजे."

मैनाबाईनं माझ्यावर तळहात दाबला. दोन दिवस मी उबदार कपाटात राहिले आणि पाचही बोटं उमटली. टोकांना पिवळे ठिपके, तळव्यावर दुधी टिकल्या, एका रेषेशी नारिंगी झाक. खोटं कशाला सांगू, मला माझाच अभिमान वाटला. पायलनं झाकण चिकटपट्टीनं बंद केलं आणि खाली चिठ्ठी लावली, 'मैनाबाईचा हात'.

पहिल्याच दिवशी गर्दी लोटली. फोटो काय, कौतुक काय! पण त्या गर्दीत रागिणी होती. मैनाबाई संध्याकाळी होस्टेलच्या पाच मुलींना घरून डबा देते, त्यातली ही एक. चिठ्ठी वाचून ती मैत्रिणीला हळूच म्हणाली, "याच हातच्या पोया खातो आपण." संध्याकाळपर्यंत तीन डबे बंद झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. उजवा हात तिनं पदरात गुंडाळला होता. तो गुंडाळलेला हात पाहून माझा सगळा अभिमान गळून पडला.

"पायल, हे काय केलं तू?"

पायलचा चेहरा उतरला. "मावशी, मी विचारलं होतं न तुमाले."

"विचारलं व माय. सांगतलं कुठी?"

कल्चर म्हणजे, असं म्हणून पायल अडखळली, आणि मग तिला शब्द सापडला. "विरजण, मावशी. तुमच्या हाताचं विरजण लावलं मी ताटलीत. असं विरजण साऱ्यांच्याच हातावर असते."

"मंग हाच शबद आधी काहून नाही सांगतला? विरजण मले समजते. झाडूचा हात मी देला नसता."

पायलनं मला उचललं. "आत्ताच काढून टाकू का?"

"काढू नको. आता काढलं तं लोक म्हणतीन, खरंच घाण होती. साऱ्यांचे हात लाव इथी. पण आधी सांग, मंग विचार."

मैनाबाईचं ठरलं ते ठरलं. विभागप्रमुख आरती मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला हात स्वतःचा दिला, न धुता. प्लास्टिकच्या ताटल्यांत बिचाऱ्यांची चारच बोटं मावली. पायल प्रत्येकाला विरजणापासून सांगत होती. रागिणीनंही सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मी नाही देत." पायल तापली. "मावशीचा चालला, तुझा काहून नाही?"

"नाही म्हणते न पोरगी," मैनाबाई म्हणाली, "राहू दे."

रागिणीवर चिडायचा हक्क त्या खोलीत कोणाला असेल तर तो मैनाबाईलाच होता. तिनंच तिला जाऊ दिलं, हे मी कधी विसरणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या बोटांवर ठिपके फुलले. मॅडमचं मधलं बोट तर सगळ्यांत दाट. मैनाबाई टेबलाशी उभी राहून, हात पदराबाहेर काढून लोकांना सांगत होती, "हे विरजण हाय. तुमच्याबी हातावर हाय. जेवाच्या आधी हात धुवा, बस." दोन डबे परत सुरू झाले. रागिणीचा झाला नाही.

प्रदर्शन उठलं तेव्हा पायलनं या वेळी आधी सांगितलं, मग विचारलं. फोटो ठेवता येतो, ताटली काही दिवस फ्रिजमध्ये टिकते, नाहीतर कुकर आहेच. तुमी म्हणान तसं. मैनाबाईनं पदरानं माझं झाकण पुसलं.

"फोटो राहू दे. चिठ्ठी बदल. ताटली कुकरमंधी टाक, मंग मीच घासीन."

आज भिंतीवर तो फोटो आहे आणि खाली पायलच्या अक्षरात नवी चिठ्ठी: 'मैनाबाईचा हात. न सांगता घेतला होता, विचारून ठेवला आहे.'

मित्रांनो, उद्या माझ्यावर कोणाचाही हात दाबतील आणि मला नाही म्हणता यायचं नाही. म्हणून तुम्हाला विनवते, चित्र कितीही सुंदर होणार असलं तरी ज्याचा हात आहे त्याला आधी कळू द्या, त्याच्या घरातल्या शब्दांत कळू द्या, आणि तो नाही म्हणाला तर मला कोरी राहू द्या. कोरं राहायला मला मुळीच वाईट वाटत नाही.

परवा पायल पहिल्या वर्षाच्या मुलींना घेऊन आली. तेल्हाऱ्याची एक मुलगी उत्साहानं हात पुढे करून उभी राहिली. पायलनं मला खाली ठेवलं आणि तिला विचारलं, "दही कशानं लागते, ठाव हाय का तुले?"