कबुतर उडवणारा चिमटा

मी एक जुना चिमटा आहे. कपडे वाळत घालायचा नव्हे हं! मित्रांनो, मी नाडीचा चिमटा. पोटात हिरवा दिवा, मागे लांब वायर. कुणाचे बोट धरले की त्यातले ठोके मला कळतात.

विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकताना सृष्टीने मला एका खेळासाठी बनवले. पडद्यावरच्या माणसाच्या खांद्यावर कबुतर बसलेले असे. खेळणाऱ्याची छाती धडधडली की ते भुर्रकन उडे. प्रदर्शनात पोरांनी माझ्यापुढे रांग लावली आणि माझा भाव चांगलाच वधारला.

पुढे सृष्टीला बंगळुरूला नोकरी लागली. ती मला घेऊन मुखेडजवळच्या आपल्या गावी आली. तिचे वडील रामकिशन शेतकरी, फार अबोल. पोरगी दूर गेलेली त्यांना सोसेल का, हे तिला कळत नव्हते. तिने त्यांना लॅपटॉपपुढे खेळायला बसवले, मला त्यांच्या बोटाला लावले आणि हळूच विचारले, "बाबा, जाऊ का मी?"

"जा की. इथं काय ठिवलंय?"

कबुतर जागचे हलले नाही. सृष्टीचे तोंड एवढेसे झाले. बाबांना काहीच वाटत नाही, असे तिने धरले. मला फार वाईट वाटले. खरे तर मला एकही ठोका लागला नव्हता, आणि ठोका लागला नाही की कबुतर बसूनच राही. पण मला बोलता कुठे येते?

मला काढताना तिचा हात वडिलांच्या बोटावरून फिरला. वखर धरून, खुरपे चालवून ते लाकडासारखे टणक झाले होते. माझा उजेड आत शिरलाच नव्हता! तिने मला त्यांच्या कानाच्या पाळीला लावले.

"आमच्या आज्याच्या कानात बाळी होती, तसं दिसून राहिलं का?" ते हसले.

"बाबा, खरं सांगा. जाऊ?"

ते "जा" म्हणाले आणि कबुतर जे उडाले, ते खाली बसेचना.

"जा म्हनलो ते खरंच हाय," ते म्हणाले, "अन् हे धडधडून राहिलंय ते बी खरंच हाय."

सृष्टीने त्यांच्या खांद्यावर डोके टेकले.

आता ती बंगळुरूला असते. मी इथेच फळीवर, पिठाच्या डब्यामागे धूळ खात पडलो आहे. वायर उंदराने कुरतडली. संध्याकाळी तिचा फोन येतो. "कसे आहात, बाबा?" "बरं हाय." पण ती तेवढ्यावर फोन ठेवत नाही. "खरं सांगा," म्हणते, आणि मग ते बोलू लागतात.

मित्रांनो, मला कुणी पुसले नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात "बरं हाय" म्हणणारे कुणी असेल, तर त्यांना दुसऱ्यांदा विचारा. पहिल्या वेळी चिमटा बऱ्याचदा चुकीच्या जागी लागतो.