हल्ली हयात असलेली केझाया

नॉर्थ पेल्टनच्या टाउन हॉलमधल्या तिजोरीखोलीत पेन न्यायला बंदी होती. बाळ न्यायला नव्हती. शाई सांडून जुन्या बाडांचा सत्यानाश होईल हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण त्या लोखंडी दाराआड, खरेदीखतं नि मृत्युपत्रांच्या गर्दीत कुणी तान्हं मूल घेऊन येईल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. लिनेट मात्र ऑक्टोबरपासून येत होती. टेसाला छातीशी झोळीत बांधायची, शिसपेन्सिल काढायची, आणि टेबलापाशी जरा तिरकी बसायची, म्हणजे वाचताना बाळाच्या नाकाखाली बोट धरता येई.

"अगं, कधीतरी खाली ठेव त्या पोरीला," मिसेस टटल दारातून म्हणायच्या. गावाच्या नोंदी सांभाळण्यात त्यांची उभी हयात गेली होती. "मुळं फुटतील तिला तुझ्या अंगावर."

"झोपलीये ती."

"मग झोपलेलीच ठेवतात, बाई. जागी झाली की कोण ठेवू देतंय?"

लिनेट हसायची आणि बोट जिथल्या तिथे ठेवायची.

याचं मूळ होतं डॉक्टरांच्या एका प्रश्नात. टेसाच्या पहिल्या तपासणीला त्यांनी मान वर न करताच विचारलं होतं, "घरात कुणाचं तान्हं मूल झोपेत गेलंय?" लिनेटला एकदम एक भिंत आठवली. तिला टेकवून ठेवलेले पाळण्याचे सुटे कठडे आठवले आणि पिवळ्या गाऊनमध्ये जमिनीवर बसलेली आई आठवली. तेव्हा ती चार वर्षांची असेल. भाऊ रात्री निजला तो उठलाच नाही. पुढच्या वर्षी आईही गेली, आणि लिनेट या घरातून त्या घरात, परक्यांच्या टेबलांवर जेवत मोठी झाली.

"एक भाऊ," ती म्हणाली. "बाकीचं माहीत नाही."

"विचाराल का कुणाला?"

"हो, विचारते की."

विचारायला कुणी नव्हतंच. नवरा ग्रँट मोठ्या सरोवरांवर लोहखनिज वाहणाऱ्या जहाजावर होता. बंदर जवळ आलं की त्याचा फोन यायचा, आणि "सगळं ठीक ना?" एवढं होईतो आवाज तुटायचा. मग लिनेटने कागदांना विचारायला घेतलं. आईचा जन्मदाखला मागवला, आजीचा मृत्युदाखला मागवला, पणजीचा मागवला, मग त्या तिघींच्या भावंडांचेही. तिन्ही पिढ्यांत भावाशिवाय दुसरं तान्हं मूल गेलेलं नव्हतं. तिने लगेच डॉक्टरांना फोन केला.

"उत्तम! एवढं पुष्कळ झालं," डॉक्टर म्हणाले.

"त्याच्या मागचंही काढते आहे मी. अठराव्या शतकापर्यंत गेले."

"अहो, मी तुमच्या आजीचं विचारलं होतं," डॉक्टर हसले, "क्रांतियुद्धाचं नव्हे."

पण थांबायचं कसं? आयुष्यभर जिच्या बाजूला रिकामी खुर्ची होती, तिच्या मागे आता माणसांची रांगच लागली होती. सगळे फेन घराण्यातले, दगडांचे बांध घालणारे, मेंढ्या राखणारे, एकमेकांशी कुंपणावरून भांडणारे. आणि माणूस सापडलं की लिनेट आधी मुलं मोजायची. रीत साधी होती. जन्माच्या नोंदीत किती नावं आणि बापाच्या मृत्युपत्रात किती, ते ताडून पाहायचं. त्या काळचा बाप एकही मूल वगळत नसे. ज्याच्यावर रुसला त्यालाही पाच शिलिंग लिहून ठेवायचा, म्हणजे मागून कोर्टात कुणी म्हणायला नको की म्हातारा विसरला. तेव्हा जन्मलेलं नाव मृत्युपत्रात दिसलं नाही, की ते मूल मधेच गेलं असं धरून चालायचं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी ॲब्नर फेन सापडला. ॲब्नर आणि जेरुशा या जोडप्याची सात मुलं जन्मनोंदीत होती, आणि ॲब्नरच्या १७७४च्या मृत्युपत्रातही सातच. तीच नावं होती, एलायकिमपासून केझायापर्यंत. ही केझायाच लिनेटची पूर्वज. लिनेटने आपल्या वहीत पेन्सिलने सात वेळा खुणा केल्या.

"मिसेस टटल! सातच्या सात जगली!"

"कुणाची?"

"माझी. म्हणजे जेरुशाची. त्या काळात! ना डॉक्टर, ना औषध!"

"नशीबवान बाई," मिसेस टटल म्हणाल्या आणि साखर लावलेल्या डोनटची पिशवी तिच्यापुढे सरकवली. "घे, साजरं कर. आणि थँक्सगिव्हिंगला काय करणार आहेस? नवऱ्याला बोटीवर टर्की मिळेल. तुझं काय?"

"मैत्रिणीकडे जायचंय."

"कुठल्या गं?"

"हार्टफर्डच्या," लिनेट म्हणाली. हार्टफर्डमध्ये तिच्या ओळखीचं काळं कुत्रंही नव्हतं.

गाडीत तिने टेसाला मागच्या आसनात बांधलं. त्या आसनासमोर एक गोल आरसा टांगलेला होता. बाळाचं तोंड पाठीमागे असल्याने चालवणाऱ्या आईला त्यातूनच ते दिसायचं, आणि लिनेट रस्ता कमी नि आरसा जास्त बघायची. आज ती अख्खी चढण चढून गेली तरी तिने एकदाही आरशात पाहिलं नाही. सातच्या सात! हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ग्रँटचा फोन लागेना. मग तिने गाडी जुन्या दफनभूमीकडे वळवली. ज्या बाईची ही गोष्ट, तिलाच जाऊन सांगू, असं तिला वाटलं.

झाडांची पानं गळून गेली होती. चिटपाखरू नव्हतं. ॲब्नरचा दगड चटकन सापडला, आणि शेजारी जेरुशाचा, वर पंख फुटलेला गोल चेहरा कोरलेला. लिनेट जेरुशाच्या दगडाकडे पुढे झाली. तेवढ्यात तिचा पाय अडखळला. गवतात दोन बुटके दगड होते, पाव ठेवावेत तसे शेजारी शेजारी. अक्षरं पार झिजली होती.

झिजलेला दगड वाचायचा तर उजेड एका बाजूने, तिरका पाडावा लागतो. एरवी ती त्यासाठी आरसा आणायची. आज विसरली होती. मग गाडीतला बाळाचा आरसाच सोडवून आणला, टेसाला झोळीत घेतलं आणि गुडघ्यांवर बसून उतरतं ऊन दगडावर फेकलं. खाचांत सावली भरली नि अक्षरं उभी राहिली.

केझाया. ॲब्नर आणि जेरुशा यांची मुलगी. वय तीन आठवडे.

लिनेटने आरसा दुसऱ्या दगडाकडे वळवला.

केझाया. ॲब्नर आणि जेरुशा यांची मुलगी. वय पाच महिने.

तिने आरसा दगडावरून काढला, आणि उजेडाचा गोळा जेरुशाच्या दगडावर, कुंपणावर, उघड्या फांद्यांवर वेडावाकडा फिरला. तिला ही चाल माहीत होती. इथले जुने लोक गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला द्यायचे, नाव वाया जाऊ द्यायचे नाहीत. वाचलेलं होतं तिने, आणि तरीही नावापुढे नाव ठेवून मोकळी झाली होती. नोंदीत होती ती पहिली केझाया. मृत्युपत्रातली तिसरी, जगलेली. मधली आणि शेवटची लिहायला बाप नोंदणीला गेलाच नसेल. लिनेट त्या तिसरीच्या वंशातली होती.

तिने टेसाच्या नाकाखाली बोट धरलं. मग बोटावर भरवसा वाटेना, म्हणून आरसा धरला. काचेवर वाफेचा टिपका आला, गेला, पुन्हा आला. किती वेळ ती तशीच बसून होती कोण जाणे. गुडघे ओले झाले तेव्हा उठली.

परत आली तेव्हा टाउन हॉल बंद व्हायला थोडाच अवकाश होता.

"जेरुशाने स्वतःचं काही लिहून ठेवलंय का?" तिने विचारलं. "विधवा म्हणून?"

मिसेस टटलनी तिच्या गुडघ्यांवरचा चिखल पाहिला आणि काही न विचारता पुठ्ठ्याचा खोका काढून दिला.

जेरुशाने लिहून ठेवलं होतं. सत्तरी उलटल्यावर, नवऱ्यामागे बऱ्याच वर्षांनी. मोठी इस्टेट नव्हती. मुलगी रूथ हिला पितळी कढई. मुलगा एलायकिम याला बापाचं बायबल. *आणि माझी मुलगी केझाया, जी हल्ली हयात आहे, तिला माझी निळी रजई.* खाली उरलेल्या कापडाची वाटणी होती. *रूथ, आणि हल्ली हयात असलेली केझाया.*

लिनेटने सगळा कागद पुन्हा वाचला. रूथपुढे हयात नव्हतं. एलायकिमपुढे नव्हतं. कुणाहीपुढे नव्हतं. ही केझाया तेव्हा चाळिशी ओलांडलेली, लेकुरवाळी बाई. आणि म्हातारी आई लिहिणाऱ्याला थांबवून, दोन्ही वेळा, हयात आहे असं घालायला लावत होती. म्हणजे सत्तरीनंतरही तिचं बोट त्या मुलीच्या नाकाखालून निघालेलं नव्हतं.

एवढा वेळ लिनेटला वाटायचं, आणखी एक महिना. पोर बसायला लागली की भीती जाईल. चालायला लागली की जाईल. तिने कागदावरचं आपलं बोट पाहिलं. ते जरासं वाकलेलंच राहिलं होतं, सवयीने.

"काय गं, कुणी भूत दिसलं का?" मिसेस टटल म्हणाल्या.

"सात नव्हती," लिनेट म्हणाली. "नऊ होती."

मिसेस टटल खुर्ची ओढून बसल्या. हवा कोरडी ठेवणारं यंत्र तेवढं घुरघुरत होतं.

"माझी हार्टफर्डला कुणी मैत्रीण नाही," लिनेट म्हणाली.

"ते मला कळलं होतं. डोनट खाताना खोटं बोललीस, साखर सांडली सगळी." मग त्या जरा पुढे झुकल्या. "आण ती पोर इकडे."

लिनेटने झोळीची गाठ धरली. सोडली. पुन्हा धरली. शेवटी तिने टेसाला बाहेर काढलं आणि मिसेस टटलच्या लोकरी स्वेटरवर दिलं. हात मागे घेणं तिला जड गेलं.

"जा आता, बाहेर वारा खाऊन ये. इथेच राहिलीस तर तुलाही नोंदवून खोक्यात घालीन."

"मान नीट धराल ना? झोपेत ती कधी कधी..."

"जा म्हटलं ना!"

ती पायरीवर येऊन उभी राहिली. समोर रिकामं मैदान, चर्चचा पांढरा मनोरा, आणि ओळीत एकच गाडी, तिची. आरसा कोटाच्या खिशात होता. छातीवरची जागा, जिथे इतके दिवस ऊब असायची, गारठत चालली होती. हातांचं काय करायचं ते तिला कळेना. ते तिने छातीशी बांधले, सोडले, बाह्यांत ओढून घेतले.

आतून टेसाचं रडणं ऐकू आलं. आधी कुरकुर, मग चांगलं भोकाड. त्यावर मिसेस टटलचा आवाज, "हो गं बाई, हो, दुष्ट आहे मी."

लिनेटचं पाऊल दाराकडे वळलं. तिने ते तिथेच थांबवलं. रडायला श्वास लागतो, ती स्वतःला म्हणाली, आणि थंडीत उभी राहून तो ऐकत राहिली.