ढब्बूचं पातेलं

आमच्या ढब्बू कुत्र्याचं हृदय कमजोर निघालं. "बिनमिठाचं उकडलेलं चिकन, भोपळा आणि भात द्या," डॉक्टरांनी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नवरा तर लगेच नवं पातेलं घेऊन आला.

तीन वर्षांपूर्वी माझ्याही हृदयाचं दुखणं निघालं, मीठ बंद झालं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "एकीसाठी वेगळं कोण शिजवणार?" आणि नवऱ्याने मिठाची गुळणी धरली होती.

आज मी ढब्बूला वाढलं आणि त्याच पातेल्यातून स्वतःचंही ताट वाढून घेतलं.

"अगं, ते कुत्र्याचं आहे!" नवरा ओरडला.

"माहीत आहे. या घरात माझ्या हृदयाला चालेल असं तेवढंच शिजतं."

सासूबाईंनी बाकीची भांडी उघडून पाहिली. सगळी रिकामी होती. "आणि आमचं?"

मी घास घेतला. "दोघांसाठी वेगळं कोण शिजवणार, आई?"