कड्याला जायचं ठरलं

भामाबाईची अंजना त्या श्रावणात माहेरी आली नसती, तर वच्छलाबाईंच्या डोक्यात समुद्र शिरलाच नसता. अंजना कोकणात नर्स होती. तिने अंगणात काडीने रेघ ओढून दाखवलं, की इथं देऊळ, इथून वाट कड्यावर चढते आणि मग दिवसभर कड्याकड्यानं चालायचं. एका हाताला काजूची झाडं, दुसऱ्या हाताला खाली नुसतं पाणी.

शिरूर कासारजवळच्या त्या वाडीत बायकांची दूध संस्था होती आणि वच्छलाबाई तिच्या अध्यक्षा. आदल्या साली दुष्काळाने माणसं ऊसतोडीला पांगली, जनावरं चारा छावणीत गेली. बायकांनी छावणीतच चुली मांडल्या, पण दुधाचे कॅन रिकामे जाऊ दिले नाहीत. आता पाऊस बरा झाला होता आणि त्यांना एवढं पाणी एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. अडचण एकच. वच्छलाबाईंचे मालक सुंदरराव सोसायटीचे चेअरमन. त्यांनी चावडीवर मान हलवली तरच घरोघरचे पुरुष बायकांना सोडणार.

वच्छलाबाईंनी चावडीवर जाऊन सरळ विचारलं, की बायका कड्याला जायचं म्हणतात, काय म्हणणं आहे?

सुंदररावांचा चेहरा खुलला. आष्टी तालुक्यातल्या कडा गावात त्यांची धाकटी बहीण सुभद्राबाई दिलेली होती.

"जा की समद्या," ते म्हणाले. "आमच्या सुभद्राच्या हातचं जेवून या."

वच्छलाबाईंनी खुलासा करायला तोंड उघडलं. भामाबाईने कोपराने ढोसलं, तसं ते मिटलं.

मग बेत रंगला. बायनाबाईने कापडी बूट आणले आणि घरात घालून चालायचा सराव केला. वाटेत विहिरी आहेत असं अंजना सांगून थकली, तरी पाण्याचे कॅन न्यायचेच ठरले. छावणीतून आलेल्या बायका पाण्याच्या बाबतीत कुणाच्या शब्दावर राहत नसत.

निघायच्या सकाळी सुंदररावांनी बाजरीचं पोतं जीपजवळ आणून ठेवलं आणि ड्रायव्हर उत्तरेश्वरला म्हणाले, हे सुभद्राकडं उतरव, आणि बायकांना दुपारच्या आत परत आण.

"पोतं उतरवतो की," उत्तरेश्वर म्हणाला. "कडा वाटंवरच हाय. पर दुपारी कसं परत येनार, चेअरमन? समिंदर लई लांब हाय."

पाराभोवतीची माणसं जीपजवळ सरकली. सुंदररावांनी बायकोकडे बघितलं.

"तू कडा म्हनली व्हती."

"कडाच म्हनले. समिंदराचा."

"कुनी जायाचं न्हाई. उतरा खाली."

एकही बाई हलली नाही. वच्छलाबाई मात्र उतरल्या, नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "चावडीवर सबूद दिलाय तुमी. मागं घ्यायचा तर हितंच, समद्यांम्होरं घ्या. मग मी घरी जाते."

सगळं गाव बघत होतं. आयुष्यभर दिलेल्या शब्दावर मतं मागणारा माणूस तो. पोतं त्यांनी स्वतःच उचलून जीपमध्ये टाकलं आणि एवढंच पुटपुटले, "आन् म्हशी?"

"धारा काढा. न्हाईच पान्हावल्या, तर माझं लुगडं गुंडाळून बसा. दांडीवर हाय."

पारावर असा हशा उसळला, की जीप सुरू झाल्याचं कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंजना त्यांना घेऊन कड्यावर चढली. बायकांना घेरी येईल या भीतीने ती सारखी मागे वळून बघत होती. पण त्या पुढेच निघाल्या. आटलेल्या विहिरींच्या कडांवर वाकून बादल्या ओढलेल्या बाया त्या. त्यांना खोलीचं काय भय? वाऱ्याने पदर फडफडत होते. खाली पाणी खडकावर आपटून पांढरं होत होतं, आणि बायनाबाई प्रत्येक लाटेला शाबासकी देत होती.

ऊन कललं तेव्हा अंजना म्हणाली, मावशी, ठरलेली वाट इथं संपली, आता खाली उतरू.

वच्छलाबाईंनी पुढे बघितलं. एक टोक अजून समुद्रात घुसलेलं होतं.

"ते बी करू," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.