बेचाळीस

"देवीनं यंदा लेक आणलीये की सून?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून भर मांडवात मी देवऋषीणबाईंना विचारलंच. वाऱ्याची देवी योंगदुंग आमच्या बेटावर दरवर्षी शेवाळाचं आणि शिंपल्यांचं बी पेरायला येते. सोबत लेक असली तर हवा शांत, सून असली तर वादळ. यंदा वारा पंधरा दिवस नुसता पिसाटला होता.

"तुझ्या आजीला विचार. सुना कशा असतात ते तिला ठाऊक," बाई म्हणाल्या. बुड्या मारणाऱ्या सगळ्या बायका हसल्या. माझी आईसुद्धा हसली. आजी नाही हसली.

आजीची लेक, माझी सुनदोक आत्या, गेल्या नोव्हेंबरात शिंपले काढायला बुडी मारून गेली ती वर आलीच नाही. बुडी मारताना पाण्यावर तरंगत ठेवायचा तिचा तरंडा तेवढा सापडला. तेव्हापासून आजी रोज खडकांवर उभी राहून तिला जेवायला हाका मारते.

देवीला निरोप देताना प्रत्येक बाई कागदात तांदूळ बांधून समुद्रात सोडते. जिवंत माणसाच्या पुडीवर नाव आणि वय असतं, बुडालेल्याच्या पुडीवर नुसतं नाव. आजीला अक्षरं येत नाहीत, म्हणून यंदा लिहायचा मान माझा. आत्याचं नाव लिही म्हणाली, वय लिही म्हणाली. मी ऐटीत लिहिलं, एक्केचाळीस.

अंक मात्र आजीला कळतात. जन्मभर शिंपले तोलून दिलेत तिनं.

"एक वर्ष कुणी खाल्लं तिचं?"

नवं वर्ष लागलं की आमच्याकडे सगळ्यांचं वय एकानं वाढतं. म्हणजे जिवंत असलेल्यांचं.

बाबा आजीजवळ खाली बसले. "आई, पुरे कर. वय नको लिहायला लावूस. तिची वाट अडेल, उपाशी फिरेल ती."

"एक हाड आणून दाखव. मी वय खोडते."

देवीला परत न्यायची गवताची होडी निघायला आली होती, सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. मी एक्केचाळीस खोडून बेचाळीस केलं.

आजीनं पुडी पाण्यात टाकली. लाटेनं ती परत आणली. आजी गुडघाभर पाण्यात शिरली, पुन्हा टाकली, पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला कागद फाटला आणि आजी ओंजळीनं तांदूळ गोळा करायला लागली. शेवटी आईनं तिला मागून कवेत घेऊन बाहेर आणलं.

घरी परतताना मी आईबाबांना सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी आत्याची पुडी मी बांधणार. त्रेचाळीस लिहून."