चमक गिळणारी काच

मी एक जुना फिल्टर आहे. काडेपेटीएवढ्या ॲक्शन कॅमेऱ्याच्या भिंगावर बसणारी, बाटलीच्या झाकणाहून लहान अशी काळपट काच. मला पोलरायझर म्हणतात. नाव भारदस्त, काम साधं. पाण्यावरची चमक मी गिळतो, मग खालचं खरं दिसतं. पण मित्रांनो, त्यासाठी माझी कडी फिरवून मला नेमक्या जागी आणावं लागतं. नाहीतर मी नुसता काळा चष्मा. हे माझ्या पाकिटावर बारीक अक्षरांत छापलं होतं. वाचतो कोण?

एका कारखान्यात दोन काचांमध्ये पातळ पापुद्रा चिकटवून मला घडवलं. मला घरी आणलं एका सायकलवेड्याने. कडी न फिरवताच त्याने मला कॅमेऱ्यावर चढवलं, तिन्हीसांजेला झाडीतून सायकल पळवली आणि घरी येऊन म्हणाला, "नुसता अंधार करतोय हा. भंगार!"

अरे बाबा, तिन्हीसांजेला गॉगल लावून कोण फिरतं? चूक त्याची आणि शिक्षा मला. संपलेले सेल आणि गंजकी कात्री यांच्या संगतीत मी खणात पडून राहिलो. चिडलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग त्याच्या आईने उतारवयात पोहायला शिकायचं ठरवलं. तरण तलावाच्या उथळ भागात ती या काठावरून त्या काठाला जाई. शिकवणाऱ्या बाई ओरडून सांगत, "काकू, तरंगताय तुम्ही! आता खोल पाण्यात चला!"

"तुमचं कामच आहे गोड बोलायचं," आई म्हणे. "मधे कुठेतरी माझे पाय टेकतातच."

काठावर टॉवेल धरून बसलेले तिचे यजमान त्यात तेल ओतत. "अगं, तू पोहत नाहीस. पाण्यातून चालत जातेस!"

एके दिवशी ती पोहण्याची टोपी पिळत म्हणाली, "पुरे झालं. उद्यापासून मी येणार नाही."

सुनेच्या ते जिवाला लागलं. "आई, उद्या एकदाच चला. मी कॅमेऱ्यात दाखवते तुमचे पाय." तिने खण उपसला. पाकिटावरचं मोठं अक्षर वाचलं, 'चमक घालवतो', आणि मला बाहेर काढलं. नवरा म्हणाला, "ते भंगार?" ती म्हणाली, "तू गप रे."

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. सुनेने कॅमेरा आडवा धरला, छोट्या पडद्यात बघत माझी कडी फिरवली आणि पाण्यावरची पांढरी चमक विरघळली. तळाच्या फरश्या दिसल्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात तिला वाटलं, मोबाइलवर उभं चित्र बरं दिसतं. तिने कॅमेरा उभा केला. त्याच्याबरोबर मीही वळलो, आणि चमक परत आली. पडद्याकडे न बघताच तिने बटण दाबलं.

आई पोहून आली. चित्रात काय, तर पांढरा लखलखाट आणि मधे एक टोपी.

"वा!" यजमान म्हणाले. "टोपी छान पोहली."

आईचा चेहरा उतरला. ती टॉवेल मागू लागली. सुनेने मात्र हार मानली नाही. कॅमेरा आडवा, उभा, पुन्हा आडवा करून पाहिला आणि एकदम किंचाळली, "अगंबाई! कॅमेरा वळला की हाही वळतो! आई, आणखी एकदा. माझ्यासाठी."

या वेळी कॅमेरा उभा धरूनच तिने माझी कडी फिरवली. आई निघाली. मी जीव एकवटून चमक गिळली.

मग चौघं त्या इवल्या पडद्यावर वाकली. निळ्या पाण्यात आईचे पाय बेडकासारखे हलत होते. खाली फरशीवर तिची सावली सरकत होती. सावली आणि पाय यांच्यात भरपूर पाणी होतं. या काठापासून त्या काठापर्यंत.

आई बराच वेळ बघत राहिली. "हे माझे पाय?"

"मग काय माझे?" शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

आई हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. टॉवेल यजमानांच्या खांद्यावर फेकून ती तडक खोल पाण्याच्या शिडीकडे गेली. त्या दिवशी ती खोल पाणी पार करून आली, धापा टाकत आणि शिडीच्या कठड्याला मुका देत.

आता मी जुना झालोय. शर्टाच्या टोकाने पुसणाऱ्या त्या सायकलवेड्याने मला ओरखडेही दिलेत. मित्रांनो, मला मऊ, स्वच्छ कपड्याने पुसा, आणि कोणालाही भंगार म्हणण्याआधी एकदा फिरवून बघा. खणात टाकायला अक्कल लागत नाही.

हल्ली यजमानही पोहायला शिकतात. आई काठावर कॅमेरा घेऊन उभी असते, माझी कडी फिरवते आणि साऱ्या तलावाला ऐकू जाईल असं ओरडते, "अहो, टेकतायत! दोन्ही पाय टेकतायत! स्वच्छ दिसतंय मला!"