एकेचाळिसावा दिवा

“संकल्प जिथे मोडेल तिथूनच परत उचलायचा, सुरेखा. घरी येऊन नव्हे.”

सासूबाई शेवटच्या आजारात हे बोलल्या आणि मी हो म्हणेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. धाकट्या जावेचं, शैलाचं, दुसरं मूलही तेव्हा नुकतंच पोटातच गेलं होतं. पुढच्या खेपेला तिला सहावा महिना लागला की मी एकेचाळीस दिवस मौन धरायचं, असं त्यांनी सांगितलं. सकाळी डोळे उघडल्यापासून दिवा लागेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. चाळीस दिवे देवघरात लावायचे. एकेचाळिसावा पैलतीरावरून नावेने येऊन नेमावरच्या घाटावर, शैलाचा हात लावून, नर्मदेत सोडायचा.

देवासच्या घरात चाळीस दिवे निर्विघ्न लागले. शैलाला सातवा लागला होता आणि बाळ चांगलं हलत होतं. एकोणऐंशी सालचा कार्तिक होता. आदल्या दिवशी आम्ही हरद्याला नणंदेकडे उतरलो आणि सकाळी नेमावरसमोरच्या, पैलतीरावरच्या हंडियाच्या घाटावर आलो. हे, शरदभाऊजी, शैला आणि मी.

कार्तिकात नर्मदा हिरवी, नितळ असते. त्या दिवशी पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि त्याला आवाज नव्हता. घाटावर एकच नाव होती. नावाडी म्हातारा. नाव लोटण्याआधी हे लोक पाण्याला हात लावून कपाळाला लावतात, त्याने लावला नाही. मी पाहिलं, बोलायची सोय नव्हती.

वर कुठे पाऊस झाला का, भिया, असं भाऊजींनी त्याला विचारलं. झाला असेल, तो म्हणाला, मैया काय कुणाला सांगून चढते?

घरात भाऊजींच्या थट्टेला माझं मौन चाळीस दिवस पुरलं होतं. वहिनींनी ही विद्या शैलालाही शिकवावी, असं ते नावेतही म्हणाले. शैलाने त्यांना कोपर मारलं. तेवढ्यात माझ्या पायाला गार लागलं.

शैलाच्या पायाखाली दोन फळ्यांच्या सांधीत चिंधी कोंबलेली होती. ती सैल होऊन पाणी आत झिरपत होतं. मी ह्यांची बाही ओढली, खाली बोट दाखवलं. शैलाच्या पायांवर शाल घाला म्हणतेय, असं ह्यांना वाटलं. त्यांनी ती घातली, नीट खोचलीही. सांध शालीखाली गेली.

मग मी पूजेचा तांब्या घेतला. वाकून तळातलं पाणी भरायचं, काठावरून नदीत ओतायचं. पुन्हा भरायचं.

“घ्या,” भाऊजी म्हणाले, “वहिनी नर्मदेला नर्मदाच वाहतायत.”

हे हसले, पण हातही जोडले. शैलानेही डोळे मिटून हात जोडले. नावाड्याने वल्हं न थांबवता “नर्मदे हर” म्हटलं. तिघांचीही मला दया आली आणि भीती वाटली. बाकीच्यांचे पाय आडव्या फळ्यांवर होते; मी खाली उभी ओतत होते आणि पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं होतं. नाव शैलाच्या बाजूला कलली. नेमावरच्या देवळाचं शिखर अजून बोटाएवढंच दिसत होतं.

बोलले तर चाळीस दिवस बुडाले, म्हणजे बाळ गेलं. नाही बोलले तर बाळाची आईच बुडणार.

“पाणी शिरतंय,” मी म्हणाले.

आधी कुणी पाण्याकडे पाहिलंच नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग नावाड्याने वल्हं भाऊजींच्या हाती दिलं, गमछा सांधीत कोंबला आणि त्यावर टाच दाबून उभा राहिला. तसेच आम्ही घाटाला लागलो.

पायरीवर बसून शैलाने पोटावर हात ठेवला. बराच वेळ तिने तो हलवला नाही.

“जाऊबाई,” ती हळूच म्हणाली, “मघापासून हललं नाही हो ते.”

हे म्हणाले, देव सगळं समजून घेतो, तू सगळ्यांचे जीव वाचवलेस, दिवा इथेच सोड. भाऊजी शालीचं पाणी पिळत बसले होते.

ओली वात काढून मी पिशवीतली कोरडी वात तुपात भिजवली. दिवा शैलापुढे धरला. तिने हात लावला. मग मी पुन्हा तोंड मिटलं.

नावाडी खालच्या पायरीशी सांधीत नवी चिंधी ठोकत होता. आम्ही उतरलो तेव्हा कोरड्या असलेल्या दोन पायऱ्या आता पाण्याखाली होत्या. मी त्याला नदीच्या मध्याकडे, मी बोलले होते त्या जागेकडे, बोट दाखवलं. त्याने पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वर बसलेल्या शैलाकडे पाहिलं. या वेळी त्याने पाण्याला हात लावून कपाळाला लावला.

मागून ह्यांनी माझं नाव घेतलं. मी पदर खोचला, नावेत बसले, दिवा मांडीवर घेतला आणि तांब्या पायाशी, हाताला येईल असा, ठेवला.